संगीताचा तास आणि कुलुपातील पेटी

वेळापत्रकात 'संगीत' हा शब्द आहे. वर्गात मात्र सूर नाही. सीमाभागातील कित्येक मराठी शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांची हीच कहाणी आहे. पेटी असली तर तिचा भाता फाटलेला, तबला असला तर त्याची शाई उडालेली. आणि दोन्ही धड असली तर कपाटात कुलूपबंद! त्या तासाला गणिताची उजळणी होते, नाही तर पाहुण्यांसाठी स्वागतगीताची घोकंपट्टी.

आणि हे कोणत्या भूमीत? मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली ज्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले, त्या भूमीत. कुमार गंधर्वांचा १९२४ सालचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा. येथून फार दूर नसलेल्या कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या मुलखातील मुलांना आज शुद्ध 'सा' कोणी लावून दाखवू नये, यापरते दुर्दैव कोणते?

कायदा याबाबत मुका नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या शाळेचा पट शंभराहून अधिक असल्यास कलाशिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक असावा, असे नमूद आहे. परंतु जेथे पटच शंभराच्या आत आला आहे, तेथे काय? तेथे शेजारच्या तीन-चार शाळांनी मिळून एक शिक्षक नेमावा. आठवड्यातून एक-एक दिवस त्याने प्रत्येक शाळेत जावे. इच्छा असेल तर हे अशक्य नाही.

साधनेही काही राजवाड्यातली लागत नाहीत. एक पेटी, तबल्याची एक जोडी, दहा-बारा टाळ, आणि प्रत्येक मुलाच्या हाती देवनागरीत छापलेली छोटी पुस्तिका, एवढ्यावर आरंभ होतो. तंबोऱ्याचा सूर तर आज भ्रमणध्वनीवरही मिळतो. पंडित भातखंडे यांनी आपला 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा ग्रंथ मराठीत लिहिला. त्यांची स्वरलिपी अकरा-बारा वर्षांच्या मुलासही समजते: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकास खाली टिंब, तार सप्तकास वर टिंब. त्रितालाच्या सोळा मात्रा, पहिली, पाचवी, तेरावी यांवर टाळी आणि नववीवर खाली, हे तर नुसत्या हातांनी शिकवता येते. मात्र याच वयात मुलांचा आवाज फुटतो. सर्वांनी एकाच उंच पट्टीत गावे, असा हट्ट शिक्षकाने धरू नये. ज्याला गाता येत नाही त्याच्या हाती टाळ द्यावेत. ओवी, अभंग, भारूड, पोवाडा ही सामग्री तर मुलांच्या घरातच आहे. गावचे भजनी मंडळ एक दिवस शाळेत बोलवा. पखवाज काय असतो, हे चित्रावरून सांगावे लागणार नाही.

यात कन्नडशी वैर नाही. मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगुबाई हनगल आम्हांस परके नव्हते, नाहीत. आमचा झगडा सक्तीशी आहे, भाषेशी नव्हे. कन्नड मुलाने कन्नडमधून गावे आणि मराठी मुलाने मराठीतून. दोघांचा षड्ज एकच राहील.

आता थोडे आपल्यालाही. १७ जानेवारीस आपण १९५६ च्या हुतात्म्यांना अभिवादन करतो, फलकांवरील मराठीसाठी रस्त्यावर उतरतो. ते योग्यच आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण आठवीतला मुलगा तोवर आठवीत थांबणार नाही. ज्या भाषेत तो कधी गायलाच नाही, तिच्यासाठी उद्या त्याने घोषणा का द्यावी?

म्हणून शासनाकडे शिक्षक मागा, हक्काने मागा. पण पुस्तिका छापण्यास आणि पेटीचा भाता शिवण्यास कोणाच्याही आदेशाची वाट पाहावी लागत नाही. शाळाचालकांनी आधी ते कपाट उघडावे!