कमोडोर जेम्सची सरदारकी

लंडन शहराच्या आग्नेय भागांत शूटर्स हिल नांवाची एक टेंकडी आहे. तिच्या माथ्यावर, झाडींत, विटांचा एक तिकोनी बुरूज उभा आहे. उंची ६३ फूट. त्याचें नांव 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. हें नांव मोठ्यानें उच्चारून पाहिलें असतां मराठी कानास त्याच्या आड दडलेलें दुसरें नांव ऐकूं येईल. तें नांव सुवर्णदुर्ग. रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली तालुक्यांत, हर्णै बंदरासमोर समुद्रांत असलेला आपला जलदुर्ग. ज्या पुरुषानें तो १७५५ सालीं मराठ्यांच्या आरमारी सरदाराकडून जिंकला, त्याच्या स्मरणार्थ त्याच्या विधवेनें १७८४ सालीं हा बुरूज बांधविला. बुरुजावरील लेखांत सुवर्णदुर्ग मलबारच्या किनाऱ्यालगत असल्याचें कोरलें आहे. त्या काळचे इंग्रज आपला सारा पश्चिम किनारा त्याच नांवानें ओळखीत, हें खरें. तथापि ज्या जागेवर घराण्याची प्रतिष्ठा उभी राहिली तिचें नांव-गांव नीट विचारण्याची तसदी कोणी घेऊं नये, याचें आम्हांस हसूं आल्यावांचून राहिलें नाहीं.

या पुरुषाचें नांव विल्यम जेम्स. जळगांव-धुळ्याच्या मुलांनीं त्याची ओळख कां करून घ्यावी, असें कोणी विचारील. खानदेशास समुद्र नाहीं; आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं भरती-ओहोटी पुस्तकांतच पाहिली आहे. परंतु ज्या तापीच्या कांठीं आपण राहतों ती सुरतेपाशीं समुद्रास मिळते, आणि त्या सुरतेचा किल्ला १७५९ सालीं इंग्रजांच्या हातीं गेला तेव्हां मुंबईच्या आरमाराचीं जहाजें त्या कामीं होतीं. शिवाय ज्या धुळ्यांत इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९२६ सालीं देह ठेवला, तेथील मुलांनीं मराठ्यांचा इतिहास घाटमाथ्यावरच संपतो असें समजणें शोभत नाहीं.

जेम्सचा जन्म सुमारें १७२१ सालीं वेल्स प्रांतांत मिलफर्ड हेव्हन बंदराजवळ झाला. घर गरिबीचें, बाप पिठाची चक्की चालवी असें सांगतात. लहानपणींच तो समुद्रावर गेला, १७४७ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत शिरला, आणि १७५१ सालीं 'बॉम्बे मरीन' या कंपनीच्या मुंबईकडील आरमाराचा कमोडोर, म्हणजे मुख्य, झाला. तेव्हां पुढें ज्याच्या नांवामागें 'सर' लागलें तो पुरुष उमरावाच्या पोटीं जन्मलेला नव्हता. चक्कीवाल्याच्या मुलानें चार वर्षांत एका आरमाराचें आधिपत्य मिळवावें, या उद्योगाचें आम्हांस कौतुक आहे व तें आम्ही लपवीत नाहीं. विचार करावयाचा तो त्याच्या सरदारकीचा. ती कोठून आली याचा.

कान्होजी आंग्रे १७२९ सालीं वारले. त्यांच्या मुलांत भाऊबंदकी माजली. कुलाबा मानाजीकडे आणि सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग अखेर तुळाजीकडे राहिले. तुळाजी शूर होता, कुशल दर्यावर्दी होता, आणि तितकाच उद्दाम होता. तो पेशव्यांस जुमानीना. खुद्द मराठी मुलखासहि त्याचा उपद्रव होऊं लागला. तेव्हां नानासाहेब पेशव्यांच्या वतीनें रामाजी महादेव यांनीं मार्च १७५५ मध्यें मुंबईकर इंग्रजांशीं करार केला. कराराचीं कलमें कशींहि असोत, अर्थ एवढाच कीं, आपल्या सरदाराचें पारिपत्य करण्यासाठीं परक्याचीं जहाजें बोलाविलीं.

त्याच महिन्यांत जेम्स ४४ तोफांचें 'प्रोटेक्टर' हें जहाज व कांहीं लहान जहाजें घेऊन निघाला. वरिष्ठांची आज्ञा अशी होती कीं, किल्ल्याशीं भिडूं नये. समुद्राकडून नाकेबंदी करून मराठ्यांच्या फौजेस साह्य द्यावें. हर्णैस पोंचल्यावर त्यानें पाहिलें, तों किनाऱ्यावरील मराठी फौजेचा वेढा नांवापुरताच होता. त्यानें आज्ञा बाजूस ठेविली आणि जहाजें किल्ल्याच्या अगदीं जवळ नेलीं. तोफांच्या माऱ्यानें किल्ल्यांत आग लागली, ती दारूच्या कोठारास पोंचली व कोठार उडालें. एप्रिलच्या आरंभीं बेटावरील किल्ला व समोरच्या किनाऱ्यावरील कोट असे सर्व पडले. कान्होजींच्या भाग्याचा जेथें उदय झाला तें ठिकाण असें गेलें.

पुढच्याच वर्षीं, फेब्रुवारी १७५६ मध्यें, ॲडमिरल वॉटसन आणि कर्नल क्लाइव्ह यांनीं विजयदुर्ग घेतला. त्यापूर्वीं तेथें जाऊन पाण्याची खोली व किल्ल्याची बळकटी पाहून येण्याचें काम जेम्सनेंच केलें होतें. तेथें आंग्र्यांचें आरमार एकत्र नांगरलेलें होतें. एका जहाजास आग लागली ती सर्वांस लागली. पुण्यास वाटलें असेल कीं तुळाजी बुडाला. वस्तुतः त्या रात्रीं जळालें तें मराठ्यांचें समुद्रावरील बळ. किल्ल्यांत सुमारें दहा लक्ष रुपयांची लूट सांपडली. तींतून मराठ्यांस कांहीं द्यावयाचें नाहीं, हें इंग्रज अधिकाऱ्यांनीं मुंबईहून निघण्यापूर्वींच आपसांत ठरविलें होतें. तुळाजी पेशव्यांच्या कैदेंत पडला व कैदेंतच मेला. आणि विजयदुर्ग परत मिळविण्यासाठीं ऑक्टोबर १७५६ च्या तहानें पेशव्यांस बाणकोट व दहा गांवें इंग्रजांस तोडून द्यावीं लागलीं.

जेम्स १७५९ सालीं मायदेशीं परतला. लंडननजीक एल्थम येथें त्यानें जमीनजुमला घेतला. पुढें तो कंपनीचा डायरेक्टर झाला. १७७४ सालीं पार्लमेंटचा सभासद, १७७८ सालीं बॅरोनेट, म्हणजे पिढीजात 'सर', आणि १७७९ सालीं कंपनीचा अध्यक्ष. पार्लमेंटांत तो ज्या वेस्ट लू गांवाचा प्रतिनिधि होता, तें कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील लहानसें गांव. मतदार मूठभर, आणि तेहि कोणाच्या तरी मुठींत. १८३२ च्या सुधारणेच्या कायद्यानें अशा अनेक गांवांबरोबर त्याचा प्रतिनिधि पाठविण्याचा हक्क काढून घेतला. वडगांवास इंग्रज फौजेस मराठ्यांनीं तह करावयास लाविलें तें जानेवारी १७७९ मध्यें. त्याच वर्षीं लंडनांत अध्यक्षाच्या खुर्चीवर सुवर्णदुर्गाचा हा जेता येऊन बसला. मराठ्यांशीं चाललेल्या युद्धाचे कागद त्याच्या हाताखालून जात होते. डिसेंबर १७८३ मध्यें तो मरण पावला.

आमच्या शाळेंतील वक्तृत्वाच्या चढाओढींत या विषयावर मुलें बोलतात तेव्हां बहुधा दोन प्रकारचीं भाषणें ऐकूं येतात. एकांत इंग्रज कपटी ठरतात, दुसऱ्यांत पेशवे घातकी ठरतात. दोहोंस टाळ्या मिळतात. परंतु जेम्सनें कपट केलें नाहीं. त्यास बोलावणें गेलें व तो आला. पेशव्यांनींहि केवळ द्वेषानें हें केलें असें म्हणतां येत नाहीं. राज्य चालविणाऱ्यास बंडखोर सरदार आवरावा लागतो. आमचा आक्षेप निराळा आहे. सरदारास दंड करणें आणि त्याच्या हातीं असलेलें शस्त्र परक्याकडून जाळून घेणें, यांतील भेद त्या दरबारास उमगला नाहीं. घरांत भावाशीं वाद झाला म्हणून विहीर बुजवून घेणारे शेतकरी आम्हीं खानदेशांतहि पाहिले आहेत.

आम्हां ख्रिस्ती शिक्षकांस आणखी एक प्रश्न विद्यार्थी विचारतात, कधीं सरळ, कधीं आडून: जेम्स तुमच्याच धर्माचा होता ना? होता. त्याचा बाप्तिस्मा झाला असेल, तो देवळांत जात असेल. परंतु ज्या कंपनीचा तो अध्यक्ष झाला ती मिशनऱ्यांस आपल्या मुलखांत येऊं देण्यास राजी नव्हती. धर्मोपदेशानें व्यापारास बाध येईल अशी तिला भीति होती. विल्यम केरी १७९३ सालीं बंगाल्यांत आले, तरी १८०० सालीं त्यांस डेन लोकांच्या श्रीरामपुरांत आश्रय घ्यावा लागला. १८१३ सालीं मुंबईस उतरलेल्या हॉल व नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांस परत पाठविण्याची सिद्धता चालली होती. त्याच वर्षीं पार्लमेंटनें सनद बदलून ही वाट मोकळी केली. लूट वांटून घेणाऱ्यांची ती सभा आणि डोंगरावरील प्रवचन हीं एका पुठ्ठ्यांत बांधतां येत नाहींत, आणि ख्रिस्ती मुलांनीं तीं बांधूं नयेत. परक्याच्या विजयांत आपला वांटा मागण्याचें आपणांस कांहीं कारण नाहीं. इतरांनींहि तो आपल्या पदरांत टाकूं नये.

सुवर्णदुर्ग पडला तेव्हां खानदेशांत कोणी हळहळलें असेल असें वाटत नाहीं; समुद्र दूर होता. त्यानंतर ६३ वर्षांनीं, २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं, इंग्रज फौज तापीकांठच्या थाळनेरच्या किल्ल्यापुढें उभी राहिली. होळकरांनीं तहानें खानदेश सोडून दिला होता, परंतु किल्लेदार तुळशीराम मामा यांनीं तोफा बंद केल्या नाहींत. सर टॉमस हिस्लॉप यानें त्यांस फांशीं दिलें व आंतील शिबंदी कापून काढविली. थाळनेर शिरपूर तालुक्यांत आहे. धुळ्याच्या मुलांस तेथें जाऊन सायंकाळपर्यंत घरीं परततां येतें.

जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले. त्यांत सुवर्णदुर्ग आहे, विजयदुर्ग आहे, आणि आपल्या शेजारच्या बागलाणांतील साल्हेरहि आहे. शाळेची पुढची सहल हर्णैस न्यावी अशी सूचना आम्हीं सहकाऱ्यांपुढें मांडली आहे. वाट लांबची आहे, खर्च बराच येईल, आणि पावसाळ्यांत होड्या बंद असतात, म्हणून नाताळच्या सुटीपूर्वींचे दिवस बरे. तें न जमल्यास या वर्षीं थाळनेर व साल्हेर पाहावें, हर्णै पुढील वर्षावर ठेवावें. पालकांनीं आपलें मत मुलांबरोबर वर्गशिक्षकांकडे कळवावें.