चाक पाहून पत्रा, की पत्रा पाहून चाक?



'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपल्या घराघरांत आहे. हल्ली इंदूरच्या रस्त्यांवर मात्र आधी पाय पसरायचे आणि मग अंथरूण ताणायचे, असा प्रकार दिसतो. गाडीला कंपनीने दिले त्यापेक्षा रुंद टायर व अलॉयच्या रिमा बसवायच्या, आणि ते टायर पत्र्याला घासू लागले की डेंटरकडे जाऊन पत्र्याचा काठ आत मुडपून घ्यायचा. याला 'फेंडर रोलिंग' म्हणतात. मधल्या सुट्टीत वरच्या वर्गांतील मुलांच्या तोंडी हा शब्द ऐकू येतो, म्हणून या पानावर त्याचा विचार करणे आवश्यक वाटले.

आधी काम समजून घेऊ. फेंडर म्हणजे चाकावरचा कमानदार पत्रा. त्याच्या आतल्या बाजूस दुमडलेला काठ असतो. चाक काढून त्याच्या जागी, हबवर, दांडीचा एक रूळ बसवतात. गरम हवेच्या गनने पत्र्यावरचा रंग तापवतात, कारण थंड रंग पत्र्याबरोबर वाकत नाही, तडकतो. मग रूळ थोडा थोडा दाबत, पुढे-मागे फिरवत तो काठ वर सपाट बसवतात. घाई केली तर कमानीचा आकारच बिघडतो. हे कसबाचे काम आहे आणि कसबी हातांबद्दल मला आदर आहे. शर्यतीच्या गाडीत त्याला कारणही असते. परंतु एवढ्या खटाटोपातून मिळणारी जागा फार तर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर! तेवढ्यासाठी आपण काय देतो, हा खरा प्रश्न आहे.

पुढचा फेंडर बहुतेक गाड्यांत बोल्टने बसवलेला असतो. बिघडला तर बदलता येतो. मागचा पत्रा मात्र बॉडीचाच भाग. तेथे काठाशी आतला व बाहेरचा असे दोन पत्रे वेल्डिंगने जोडलेले असतात आणि सांध्यात पाणी शिरू नये म्हणून सीलंट भरलेले असते. तो काठ मुडपला की सीलंटला भेगा पडू शकतात. मग पावसाळ्यातला चिखल तेथे साचतो आणि गंज आतून लागतो. बाहेरचा रंग चकचकीत, आणि आत पत्रा खाल्ला जातो आहे! ते दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

आता थोडे गणित करू. टायरवर '१८५/६५ आर १५' असे लिहिलेले असते. १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी. टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२०.२५ मिमी. रिमचा व्यास १५ इंच, म्हणजे ३८१ मिमी. वर-खाली दोन्ही बाजू धरून चाकाचा पूर्ण व्यास ६२१.५ मिमी. आता त्याच रिमवर २०५/६५ चा टायर चढवा. व्यास होतो ६४७.५ मिमी, म्हणजे सुमारे ४ टक्के जास्त. चाक एका फेरीत जास्त अंतर कापते, पण स्पीडोमीटरला ते कळत नाही. आधी काटा ज्या वेगाला ८० दाखवत होता, तेथे आता गाडी ८३ हून अधिक वेगाने धावते. रुंदी २० मिमीने वाढली, ती १० मिमी बाहेर आणि १० मिमी आत. बाहेरचे सर्वांना दिसते. आत सस्पेन्शनकडे किती जागा उरली ते कोण पाहतो? चाक बाहेर काढले की बेअरिंगवरचा ताण वाढतो. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो आणि ब्रेक दाबूनही गाडी घसरते. पेट्रोल जास्त लागते, ते वेगळेच.

पूर्वी लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव बसवत असे, तेव्हा आधी चाकाचा घेर मोजी. लोखंडी धाव किंचित लहान करायची, तापवून चढवायची आणि पाणी ओतून आवळायची. माप आधी, घाव नंतर. आजही नियम तोच आहे. आपल्या जवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहन चाचणी केंद्र आहे. तेथील ११.३ किलोमीटरच्या वेगवान चाचणी-मार्गाचे उद्घाटन २०२१ मध्ये झाले. गाडीचा मेळ तपासण्यासाठी एवढा व्याप करावा लागतो. तो मेळ आपण एका दुपारी, डोळ्यांच्या अंदाजाने मोडावा काय?

कायदाही स्पष्ट आहे. निर्मात्याने ठरवलेले मूळ तपशील बदलतील असे फेरफार करू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. त्याच वर्षीच्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने नियमबाह्य फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, ही तरतूदही त्याच कायद्यातली. पालकहो, सतरा वर्षांच्या मुलाच्या हट्टापायी गाडी सजवताना आणि किल्ली देताना याचा विचार व्हावा. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. पण ते मोल कधी कधी रस्त्याने चालणारा दुसराच कोणी चुकवतो.

मग मुलांची हौस दडपायची का? मुळीच नाही. जो मुलगा भूमितीच्या तासाला जांभया देतो, तोच रिमचा ऑफसेट तोंडपाठ सांगतो. ही आवड म्हणजे आपल्या हाती आलेले भांडवल आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरविरहित दिवस आणि स्थानिक कारागिरांकडून शिकणे सुचवले आहे. विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे की, त्यांतील एक दिवस डेंटर व मेकॅनिक यांना शिक्षक म्हणून, मानाने, शाळेत बोलवावे. नववीच्या पुढच्या मुलांनी शिक्षकांच्या गाड्यांचे टायर मोजून वर केले तसे गणित वहीत मांडावे. आणि परवाना नसलेल्या विद्यार्थ्याचे वाहन फाटकाच्या आत घेऊ नये. मग तो कोणाचाही पाल्य असो, विश्वस्तांचा किंवा शिक्षकांचासुद्धा.

मित्रांनो, पत्रा एकदा मुडपला की पहिल्यासारखा होत नाही. म्हणून हातोडी उचलण्यापूर्वी फूटपट्टी उचला. मोजून पाहिल्यावरही बदल करणे योग्य आणि कायदेशीर ठरले, तर तुमचा हात धरणारा मी पहिला नसेन.

— प्राचार्य