सीसीएनएची फी म्हणजे पावणेचार क्विंटल कापूस. आधी शिका, मग पैसे भरा

पिपरी मेघे : वर्धा शहराला लागून असलेली पिपरी आता नावालाच गाव राहिली आहे. आर्वी रोडवर एकामागे एक ले-आऊट पडले. पॉलिटेक्निक आहे, २०१७ पासून बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, पलीकडे सावंगी आणि सेवाग्रामची मोठी कॉलेजं आहेत. आजूबाजूच्या तालुक्यांतली पोरं-पोरी इथे भाड्याच्या खोल्या घेऊन शिकतात. डिप्लोमा किंवा बीएस्सी संपत आली की घरी फोनवर एक नवीन शब्द ऐकू येतो, "बाबा, सीसीएनए करायचं आहे." बाप विचारतो, "किती लागतील?" खरी गोष्ट इथूनच सुरू होते. ही परीक्षा काय आहे, पैसा कुठे जातो आणि नोकरी कुठून येते, हे आकडा ऐकण्याआधी घरच्यांना माहीत पाहिजे.

काय आहे ही परीक्षा?

सिस्को ही अमेरिकेतली कंपनी राऊटर आणि स्विच बनवते. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यापर्यंत माहिती पोचवणाऱ्या या पेट्या आहेत. त्या बसवता येतात, चालवता येतात आणि बंद पडल्या तर दुरुस्त करता येतात, याचा दाखला म्हणून कंपनीने १९९८ मध्ये सीसीएनए परीक्षा सुरू केली. आधी तिच्या वेगवेगळ्या शाखा होत्या. २४ फेब्रुवारी २०२० पासून त्या एकत्र करून २००-३०१ क्रमांकाची एकच परीक्षा ठेवली. ऑगस्ट २०२४ मध्ये अभ्यासक्रमात थोडा बदल झाला. म्हणून सेकंडहँड पुस्तक घेताना ते २०२० च्या आधीचं तर नाही ना, हे पाहून घ्यावं.

परीक्षा १२० मिनिटांची असते. बसायला डिग्रीची अट नाही. बारावी झालेलाही बसू शकतो. प्रश्न इंग्रजीत येतात, मराठी किंवा हिंदीची सोय नाही. एकदा उत्तर देऊन पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. बोर्डाच्या पेपरात सोपं आधी, अवघड मागून अशी सवय लागलेल्यांची इथेच गडबड होते. पास झाल्यावर दाखला तीन वर्षं चालतो. नंतर पुन्हा परीक्षा द्यावी लागते, नाही तर ठरवून दिलेलं प्रशिक्षण घेऊन ३० गुण जमवावे लागतात. म्हणजे हा कागद फ्रेम करून भिंतीला लावायचा नाही, ड्रायव्हिंग लायसनसारखा नूतनीकरण करत राहायचा आहे.

पैशाचा हिशोब

परीक्षेची फी ३०० डॉलर आहे. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी २५,५०० रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की आकडा ३० हजारांच्या वर जातो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे एका परीक्षेला पावणेचार क्विंटल कापसाचा चुकारा, तोही पुरा हमीभाव मिळाला तर. सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे, त्या हिशोबाने साडेपाच क्विंटलच्या वर.

नापास झालं तर पाच दिवस थांबून पुन्हा बसता येतं, पण फी पुन्हा पूर्ण भरावी लागते. क्लासची फी वेगळी, खोलीभाडं आणि डबा वेगळा. एवढा पैसा घरातून जाणार असेल तर कशासाठी जातो हे विचारायचा हक्क घरच्यांना आहे. महत्त्वाचं म्हणजे, या सगळ्या खर्चात टाळता न येणारा खर्च फक्त परीक्षेच्या फीचा आहे, आणि तो सगळ्यात शेवटी करायचा असतो. बहुतेक घरांत उलटं होतं. आधी क्लासला पैसे जातात, मग परीक्षेची तारीख घेतली जाते आणि अभ्यास मागून धावतो.

धुऱ्याचं गणित

या अभ्यासात सगळ्यात जास्त पोरं अडतात ती सबनेटिंगला. कास्तकाराच्या घरातल्या लेकराला ते खरं तर अवघड जायला नको.

ले-आऊटमध्ये प्रत्येक प्लॉटला नंबर असतो, तसा नेटवर्कमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरला नंबर असतो. त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. समजा ग्रामपंचायतीला १९२.१६८.१.० पासून १९२.१६८.१.२५५ पर्यंत २५६ नंबर मिळाले. पहिला नंबर त्या नेटवर्कचं नाव म्हणून राखीव, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला राखीव. वापरायला उरले २५४. आता याचे चार तुकडे करायचे : कार्यालय, शाळा, दवाखाना आणि कॅमेरे. प्रत्येकाला ६४ नंबर येतात. पण प्रत्येक तुकड्यात दोन राखीव, म्हणून कामाचे ६२ राहतात. चारही मिळून २४८. आधी २५४ होते, सहा गेले कुठे? धुऱ्यात गेले. एका वावराच्या चार वाटण्या केल्या की मधल्या धुऱ्यांत जमीन जातेच.

परीक्षेत प्रश्न याच्या पुढचा येतो. कॅमेरे ७० असतील तर? ६२ पुरत नाहीत. मग १२८ चा तुकडा तोडावा लागतो आणि उरलेल्या १२८ मध्ये ६४ चे दोनच तुकडे बसतात. आता चौथ्याला जागा कुठून द्यायची? ज्याने वावराची वाटणी जवळून पाहिली आहे, त्याचं डोकं इथे चालतं. कागद-पेन घेऊन महिनाभर रोज दहा गणितं सोडवली की हा भाग हातात येतो. त्याला क्लासची गरज नाही.

अभ्यासक्रमात सर्वात जास्त, २५ टक्के वजन एका नेटवर्कमधून दुसऱ्यात वाट काढून देण्याला, म्हणजे राऊटिंगला आहे. नेटवर्कची मूलतत्त्वं आणि स्विचचं काम यांना २०-२० टक्के, सुरक्षेला १५ टक्के, उरलेलं इतर विषयांना. अभ्यासाचा वेळही याच हिशोबाने वाटावा.

शिकायला फुकट, मग क्लास कशाला?

सिस्कोचीच नेटवर्किंग अॅकॅडमी १९९७ पासून चालते. तिच्या साईटवर सुरुवातीचे कोर्स फुकट आहेत. पॅकेट ट्रेसर नावाचं सॉफ्टवेअरही फुकट मिळतं. त्यात स्क्रीनवरच राऊटर, स्विच, वायरी जोडून कमांड टाकता येतात, चुकलं तर काही जळत नाही. त्याला लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर लागतो, पण फार महागडा लागत नाही. आयआयटीच्या प्राध्यापकांचे नेटवर्किंगचे तास एनपीटीईएलवर आहेत. यूट्यूबवर जेरेमीज आयटी लॅबचा सीसीएनएचा पूर्ण कोर्स आहे, तोही फुकट.

म्हणून क्लास वाईट असं नाही. इंग्रजीची भीती असलेल्या पोराला मराठीत समजावून सांगणारा, खरा राऊटर हातात देणारा मास्तर मिळाला तर पैसे वसूल होतात. पण क्लास लावण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : खरी उपकरणं आहेत का, शिकवणाऱ्याने स्वतः कुठे काम केलं आहे का, आणि फी हप्त्याने भरता येते का. पहिल्याच दिवशी सगळी फी मागणाऱ्यापासून जपून राहावं.

पी हळद अन् हो गोरी

या परीक्षेभोवती एक दुसरा धंदा आहे, डम्पचा. परीक्षेत आलेले प्रश्न चोरून, उत्तरांसह फाईल करून विकतात. "आठ दिवसांत पास" अशा जाहिराती व्हॉट्सअॅपवर फिरतात. पी हळद अन् हो गोरी, तसला प्रकार.

परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर सांगणार नाही, गैरमार्ग वापरणार नाही, असा करार मान्य करावा लागतो. तो मोडल्याचं आढळलं तर सिस्को निकाल रद्द करू शकते, पुढे परीक्षेला बसायला बंदीही घालू शकते. बापाचे ३० हजार एका झटक्यात पाण्यात.

पकडलं गेलं नाही तरी मुलाखत आहेच. तिथे विचारतात, "दोन कॉम्प्युटर एकाच स्विचला जोडले, दोन्ही चालू आहेत, पण एकमेकांना दिसत नाहीत. काय काय तपासशील?" ज्याने पॅकेट ट्रेसरवर शंभर वेळा बिघाड करून दुरुस्त केला, तो सांगतो : आधी वायर, मग दोघांचे नंबर एकाच तुकड्यातले आहेत का, मग स्विचवर दोघांना वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये तर टाकलं नाही ना. डम्प पाठ केलेला गप्प बसतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"१०० टक्के नोकरी" म्हणणाऱ्यांचं काय?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या फसव्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. निवडीची हमी, नोकरीची हमी असे खोटे दावे करायला त्यात मनाई आहे. ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या कोचिंगला त्या लागू होतात. क्लास छोटा असला तरी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहेच. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. क्लास पुण्याचा असला तरी वर्ध्यात केस टाकता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे. त्यासाठी पावती, जाहिरातीचा फोटो आणि मेसेज जपून ठेवावे. पावती न देणाऱ्याकडे पैसे भरूच नयेत.

काम आहे कुठे?

सीसीएनए झालं म्हणजे नोकरी लागली, असं नाही. हा दाखला मुलाखतीच्या दारापर्यंत नेतो. पहिली नोकरी बहुतेक करून पुण्यात, नाही तर नागपूरच्या मिहानकडे, नेटवर्कवर लक्ष ठेवण्याची, पाळ्यांमध्ये आणि रात्रपाळी धरून. पगार सुरुवातीला मोठा नसतो. हे पोरालाही आणि घरच्यांनाही आधी माहीत असलं म्हणजे सहा महिन्यांत बॅग भरून परत यायची वेळ येत नाही.

जवळही काम आहे. सेवाग्राम-सावंगीची रुग्णालयं, हिंदी विद्यापीठ, बँका, कारखाने, सगळ्यांना रोज चालणारं नेटवर्क लागतं. शिवाय भारतनेट आहे. ग्रामपंचायतींना फायबर जोडण्याची ही योजना २०११ मध्ये वेगळ्या नावाने मंजूर झाली. पुढे ती रखडत गेली आणि ग्रामपंचायतीत डबा आहे पण नेट नाही, असं अनेक गावांनी पाहिलं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. त्यात फायबर गोल रिंगमध्ये टाकायचं आहे, म्हणजे जेसीबीने एका बाजूला केबल तोडली तरी दुसऱ्या बाजूने नेट चालेल. तालुक्याला आणि ग्रामपंचायतीला राऊटर बसवायचे आहेत, १० वर्षांची देखभाल योजनेतच धरली आहे.

राऊटर, रिंग, देखभाल हे सगळं सीसीएनएच्या अभ्यासात येतं. पण ही कामं ठेकेदारामार्फत होतात आणि ठेकेदार सोयीचा माणूस बाहेरून आणतो. गावातलं शिकलेलं पोट्टं घ्या, असं म्हणायला गावात आधी तसं पोट्टं तयार पाहिजे. तयार झाल्यावर मात्र ग्रामसभेत हा विषय काढता येतो.

मग करायचं काय?

पहिले दोन महिने फक्त फुकटचे कोर्स आणि पॅकेट ट्रेसर. तेवढ्यात कंटाळा आला तर हे काम आपलं नाही हे कळतं आणि खिशातला रुपयाही जात नाही. गोडी लागली तर आणखी तीन-चार महिने रोज दोन तास. सराव परीक्षेत सतत चांगले गुण पडू लागले की मगच फी भरायची. परीक्षा पिअरसन व्ह्यूमार्फत होते. त्यांच्या साईटवर आपला पिनकोड टाकला की जवळचं सेंटर दिसतं. नाव ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षरालाही फरक न करता लिहावं, नाही तर दारातून परत यावं लागतं.

गावोगावी अभ्यासिका निघाल्या आहेत. तिथे पोलीस भरती आणि एमपीएससीची पुस्तकं असतात. त्याच खोलीच्या कोपऱ्यात दोन कॉम्प्युटर, एक जुना स्विच आणि थोडी वायर ठेवली तर लॅपटॉप नसलेल्या दहा पोरांची सोय होते. ग्रामपंचायतीने मनावर घेतलं तर हा खर्च एखाद्या स्वागत कमानीपेक्षा कमीच होईल.