‘बोर्डिंग’ हा शब्द का जपावा?

गतवर्षी नववीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, “सर, बोर्ड म्हणजे फळा. बोर्डाची परीक्षा म्हणजे मंडळाची परीक्षा. विमानात बसायला बोर्डिंग पास लागतो. मग आपण राहतो त्या जागेला बोर्डिंग का म्हणतात?” प्रश्न इंग्रजीच्या तासाचा होता, उत्तर मात्र इतिहासाच्या तासाला द्यावे लागले. पुढे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात सूचना आली की, ‘बोर्डिंग’ हा शब्द जुनाट आहे, त्याला गरिबीचा वास येतो. प्रवेशद्वारावर ‘हॉस्टेल’ असे लिहावे. तेव्हा ते उत्तर सर्वांसमोर मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे मुळात लाकडाची फळी. फळी टेकूंवर ठेवली की जेवणाचे मेज होते. म्हणून मेजालाही बोर्ड म्हणू लागले. पुढे मेजावरच्या जेवणाला तेच नाव मिळाले आणि मेजाभोवती बसून कारभार पाहणाऱ्या मंडळालाही. जहाजाच्या कडेलाही बोर्ड म्हणत. जहाजावर चढणे म्हणजे बोर्डिंग, आणि तोच शब्द आज विमानतळावर पोहोचला आहे. आपल्या वाट्याला आलेले बोर्डिंग मात्र जेवणाच्या मेजावरून आले. याउलट हॉस्टेल, हॉटेल आणि हॉस्पिटल ही एकाच लॅटिन कुळातील भावंडे. त्यांच्या मुळाशी पाहुणा आणि त्याचे आतिथ्य आहे. शब्दांच्या मुळाशी गेले तर हॉस्टेलात पाहुणा उतरतो, बोर्डिंगात माणूस इतरांसह जेवायला बसतो.

सातारा-सांगलीच्या मातीत हा फरक लहान नाही. बालभीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले ते ७ नोव्हेंबर १९०० रोजी. पुढच्याच वर्षी भावंडांसह वडिलांकडे जाण्यासाठी ते मसूर स्थानकावर उतरले. त्या प्रवासात शिदोरी जवळ होती, पण अस्पृश्य म्हणून कोणी पाणी दिले नाही, म्हणून मुले उपाशी राहिली. हा अनुभव बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. अन्न असूनही पंगत नसणे म्हणजे काय, हे यापेक्षा वेगळे सांगावे लागत नाही.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना आश्रय दिला. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. तेथील समारंभाला गेल्याबद्दल आंघोळ करण्याचा आदेश तरुण भाऊराव पाटलांनी धुडकावला, आणि त्यामुळे त्यांना स्वतःच्या समाजाचे बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. त्याच भाऊरावांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका चुलीवरचे जेवण दिले. ते वसतिगृह पुढे छत्रपती शाहू बोर्डिंग म्हणून ओळखले गेले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या दिवसापासून आपल्याकडील खेड्यांत ‘पोरगं बोर्डिंगात आहे’ या वाक्याला वजन आले. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी मुलखात त्याचा अर्थ होता, पोरगं शिकतं आहे आणि दोन वेळ जेवतं आहे.

भाषा बदलते, ती बदलावीच, असा युक्तिवाद कोणी करील. आम्हांस तो मान्य आहे. किंबहुना नाव बदलण्याचा अधिकार आपल्या समाजाइतका कष्टाने कोणी मिळविला नसेल. इतरांनी लादलेली अपमानाची नावे आपण १९५६ साली नागपूरला मागे टाकली आणि स्वतः निवडलेले बौद्ध हे नाव धारण केले. परंतु ज्या शब्दाने आपल्याला हिणवले तो टाकणे वेगळे, आणि ज्या शब्दाने आपल्याला जेवू घातले त्याची लाज वाटणे वेगळे. पहिल्यात स्वाभिमान आहे; दुसऱ्यात विस्मरण आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. शब्दात समता आपोआप वसत नाही. जातवार चुली मांडलेल्या वास्तूंवरही ‘बोर्डिंग’ हीच पाटी होती. समता पाटीवर नव्हे, स्वयंपाकघरात ठरते. आणि आपल्या मेळाव्यांत मान्यवरांसाठी वेगळा मंडप, वेगळे ताट, आणि मुले दूरवर रांगेत, हे दृश्य आम्ही पाहिले आहे. त्यात आम्हीही मान्यवरांच्या बाजूला बसलो होतो.

म्हणून आमची विनंती दुहेरी आहे. प्रवेशद्वारावरील ‘बोर्डिंग’ हा शब्द राहू द्यावा. आणि पुढील मेळाव्यास येणाऱ्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने, तो कितीही मोठा अधिकारी असो, भोजनगृहात मुलांच्या पंगतीत, त्यांच्याच भाजी-भाकरीला बसावे. त्या विद्यार्थ्याला त्याच्या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळेल.

जय भीम. नमो बुद्धाय.