आधी डिफरन्शियल, मग टर्बो

ड्रिफ्टिंगसाठी गाडी तयार करून घ्यायला आलेले गिऱ्हाईक गॅरेजमध्ये पाय ठेवताच विचारते, ‘पॉवर किती निघेल?’ प्रश्न रास्त आहे, फक्त तो फार लवकर विचारला जातो. ट्यूनिंगवाल्यांनाही तो सोयीचा वाटतो. डायनोवरचा आलेख दाखवता येतो, एक्झॉस्टचा आवाज ऐकवता येतो. डिफरन्शियल, बुश, टाय रॉड ही मात्र गाडीखाली दडलेली कामे. त्यांचे बिल गळी उतरवायचे तर बरेच बोलावे लागते. ते बोलणे टाळले जाते. मग सरळ रस्त्यावर सुसाट पळणारी आणि पहिल्याच वळणावर गर्रकन फिरून उलट्या तोंडाने उभी राहणारी गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडते.

ज्या गाडीने हा खेळ नावारूपाला आणला, तिच्यात पॉवर बेताचीच होती. टोयोटाची एई८६ ही १९८३ ते १९८७ या काळात बनली. १.६ लिटरचे ४ए-जीई इंजिन, जपानी बाजारातल्या आकड्याप्रमाणे १३० पीएस, वजन हजार किलोच्या आत आणि मागे साधा अखंड अ‍ॅक्सल. रेसिंग ड्रायव्हर केइची त्सुचिया यांनी ती जपानच्या घाटवळणांत आडवी चालवली आणि १९८७च्या ‘प्लस्पी’ या व्हिडिओतून एका पिढीला तिचे वेड लावले.

आजच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर मात्र अमेरिकेतली फॉर्म्युला ड्रिफ्ट ही स्पर्धा असते. तिथल्या वरच्या फळीतल्या गाड्या हजार हॉर्सपॉवरच्या घरात गेल्या आहेत, हे खरे. पण त्यांचे मागचे टायर इतके चिकट असतात आणि वळणातला वेग इतका जास्त असतो, की ती पकड मोडायला तेवढी ताकद लागतेच. गिऱ्हाइकाला धूर दिसतो, टायरची पकड दिसत नाही.

खर्चाची सुरुवात डिफरन्शियलपासून व्हावी. ओपन डिफरन्शियल असले, की वळणात हलक्या झालेल्या आतल्या चाकाकडे ताकद निसटते. ते चाक धूर काढत नुसतेच फिरते, बाहेरचे पकड धरून बसते आणि घसरू लागलेली गाडी लगेच सरळ होते. स्पायडर गिअर वेल्ड करणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. केवळ ट्रॅकवर चालणाऱ्या नवशिक्याच्या गाडीला तो पुरतोही. पण पार्किंगमध्ये टायर कुरकुरतात, ड्राइव्ह शाफ्टवर कायम ताण राहतो आणि वेल्ड कच्चे असेल तर तुटलेला तुकडा क्राउन व्हीलचा निकाल लावतो. क्लच प्लेटचे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी, महाग असले तरी खरा उपाय तोच, आणि त्यातही टू-वे. अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी त्याची पकड सुटत नाही, त्यामुळे गाडीचा मागचा भाग मध्येच स्वभाव बदलत नाही. निसान सिल्व्हिया एस१५च्या स्पेक-आर मॉडेलमध्ये कंपनीनेच हेलिकल एलएसडी दिले होते. रस्त्यासाठी ते उत्तम, पण एक चाक अधांतरी झाले की ते जवळजवळ ओपनसारखे वागते. म्हणून ड्रिफ्टर ते चांगल्या स्थितीत असूनही काढून ठेवतात.

दुसरा खर्च पुढच्या चाकांचा, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतात. गाडी जितकी आडवी, तितके स्टिअरिंग उलट कापावे लागते. कंपनीचे लॉक संपले की गाडी फिरलीच. एस१३ सिल्व्हियाचे मालक पूर्वीपासून रॅक आणि टाय रॉड यांच्यामध्ये जाड वॉशरसारखे स्पेसर घालून काही अंश मिळवत आले आहेत. युक्ती स्वस्त आहे, पण स्पेसर जाड झाला तर आटे कमी धरतात आणि टायर आत घासू लागतो. त्यापुढची पायरी म्हणजे कापून जोडलेले नकल किंवा एस्टोनियाच्या वाइजफॅबसारख्या कंपन्यांचे पूर्ण अँगल किट. तेवढा कोन मिळाला, की टाय रॉड आणि नकलचा हात एका रेषेत येण्याचा धोका उभा राहतो. तसे झाले तर चाक तिथेच अडकते आणि ऐन घसरणीत स्टिअरिंग परत येत नाही. किट बसवल्यावर गाडी जॅकवर घ्यावी, स्प्रिंग काढावी आणि चाक वरखाली करत दोन्ही बाजूंचे लॉक तपासावे. हे न करता गाडी देणाऱ्या गॅरेजने अलाइनमेंटचे पैसे तरी कशासाठी घ्यावेत?

अलाइनमेंटमागचे कारणही गिऱ्हाइकाला सांगायला हवे. कॅस्टर वाढवला की सोडलेले स्टिअरिंग झटकन आपोआप उलट फिरते, आणि ड्रिफ्टमध्ये निम्मे काम तेच करते. पण उलट लॉकमध्ये, कॅस्टरमुळे, घसरणीच्या बाहेरच्या अंगाचे पुढचे चाक पॉझिटिव्ह कॅम्बरकडे झुकते. ते सपाट टेकावे म्हणून पुढे तीन-चार अंशांचा किंवा त्याहून जास्त निगेटिव्ह कॅम्बर ठेवतात. मागे कॅम्बर शून्याजवळ बरा. नुसते ‘लूक’साठी मागची चाके आत झुकवलेली गाडी ड्रिफ्टिंगची नव्हे, फोटोची.

टायरच्या बाबतीत नवशिक्यांना पुढे चांगले आणि मागे कठीण, स्वस्त टायर द्यावेत. कमी ताकदीतही पकड सुटते आणि शिकता येते. सीट गच्च धरणारी हवी, म्हणजे स्टिअरिंगला लटकून बसावे लागत नाही. हायड्रॉलिक हँडब्रेक थांबू शकतो. नीट जुळवलेली केबल सुरुवातीला पुरते.

इंजिनाकडे वळण्याआधी त्याला जगवणाऱ्या गोष्टी पाहाव्यात. आडव्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा कमी मिळतो आणि आरपीएम मात्र चढेच असतात. संपमधले तेल एका कडेला जाते, तेव्हा बॅफल हवा. पॉवर स्टिअरिंगचे तेलही उकळते, त्याला छोटा कूलर लागतो. बीएमडब्ल्यू ई४६ घेणाऱ्यांनी तर मागच्या सबफ्रेमच्या माउंटिंगजवळचा पत्रा आधी उघडून पाहावा. तिथे तडे जाणे हा या मॉडेलचा प्रसिद्ध आजार आहे. मजबुतीच्या प्लेटा वेल्ड न करता पॉवर वाढवली, तर पत्रा फाटायला वेळ लागत नाही.

आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांना आणखी एक गोष्ट सांगावी लागेल. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांना मर्यादा घालते आणि २०१९च्या दुरुस्तीने कलम १८२अ बदलून परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. वेल्ड केलेले डिफरन्शियल आणि कापलेले नकल घेऊन गाडी रात्री एखाद्या रिकाम्या रस्त्यावर उतरली, तर मोजणी लांबत जाते. अशी गाडी ट्रेलरवरून ट्रॅकला न्यावी आणि ट्रेलरवरूनच आणावी. हा खर्च पहिल्या एस्टिमेटमध्ये लिहा, डिफरन्शियलच्या ओळीखालीच. टर्बोची ओळ त्यानंतर येऊ द्या.