शब्दांचा कीस आणि विधवेची बावीस वर्षे

एप्रिल २००३. महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे तीनच्या पाळीसाठी निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात मरण पावला. कामगार भरपाई आयुक्तांनी वारसांना ३,२६,१४० रुपये व १२ टक्के व्याज मंजूर केले. विमा कंपनी अपिलात गेली. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. कारण काय, तर मृत्यू नोकरीच्या ओघात झालाच नाही! कर्मचारी राज्य विमा कायद्यातील २०१० ची दुरुस्ती पूर्वीच्या काळालाही लागू धरून सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आयुक्तांचा निवाडा पुन्हा कायम केला.

मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचे ओझे १९२३ च्या कायद्याने कामगाराच्या शिरावरून उतरवले होते. अपिलांतील शब्दच्छलाने ते दुसऱ्या रूपात पुन्हा लादले. पाळीची वेळ मालकाने ठरवावी आणि त्या वेळी वाट तुडवण्याची जोखीम मात्र कामगाराने सोसावी, हे कोणते अर्थशास्त्र?

नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने कामावर जाता-येता होणाऱ्या अपघातांची दखल घेतली आहे. तिचे स्वागतच आहे. परंतु कलम बदलल्याने विलंब संपत नाही. विलंब विमा कंपनीला परवडतो, विधवेला नाही. व्याजाने रुपयाची झीज भरून निघेल. पोरांचे करपलेले बालपण भरून निघणार नाही. म्हणून पहिल्या निवाड्याची रक्कम तत्काळ वारसांच्या हाती पडलीच पाहिजे. अपील त्यानंतर खुशाल चालू द्या!