मुलांचे उद्योग : रॉकेटवरचे विमान

'दिवाळीच्या रॉकेटला विमान बांधून उडवायचे, असा मुलाचा हट्ट आहे. काय करू?' असे एका भगिनींनी विचारले आहे.

आधी ठाम नकार द्या. फटाक्यातली दारू काढू देऊ नका आणि रॉकेटची काडीही मोडू देऊ नका; तिच्यामुळेच ते सरळ जाते. नाहीतर ते कुणाच्या डोळ्यात शिरेल, सांगता येत नाही.

मुलाची कल्पना मात्र खरी आहे हं! अमेरिकेत असे 'बूस्ट ग्लायडर' मुले उडवतात. पण त्याची छोटी मोटर कारखान्यात बनलेली असते आणि १५ फुटांवरून बॅटरीच्या बटणाने पेटवतात. वर पोचल्यावर मोटर सुटून पडते आणि हलके झालेले विमान तरंगत उतरते.

त्यातले विमान घरी करता येईल. फूटभर लांब, बारीक बांबूची काडी घ्या. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा दहा इंची पंख टोकापासून तीन-चार इंचांवर डकवा, टोके जराशी वर वळवा. मागे आडवी व उभी शेपटी. नाकाला कणकेची गोळी लावा. पंखाखाली दोन बोटे धरून विमान आडवे तोलले पाहिजे.

सकाळी वारा पडलेला असताना गवतावर हलकेच पुढे सोडायचे, भिरकवायचे नाही. नाक खुपसून पडले तर कणीक कमी करा. वर जाऊन थबकले आणि आपटले तर थोडी वाढवा.